स्वस्त तिकिटाची खरी किंमत

रेल्वेचे तिकीट स्वस्त असते, प्रवास नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी लोकसभेत सांगितल्यानुसार, १०० रुपये खर्चाच्या प्रवासासाठी प्रवाशाकडून सरासरी ५४ रुपयेच घेतले जातात. ही तूट मुख्यत्वे मालवाहतुकीच्या नफ्यातून भरून काढली जाते. यालाच ‘क्रॉस सबसिडी’ म्हणतात. परिणामी कोळसा, सिमेंट यांचे मालभाडे चढे राहते आणि वीजबिल व घरबांधणी यांच्या वाटे तो भार रेल्वेत कधीही न बसणाऱ्यावरही पडतो. शिवाय बराच माल रस्त्याकडे वळतो. मजूर, विद्यार्थी व उपनगरी प्रवासी यांना सवलत अवश्य मिळावी. मात्र ती मालभाड्यात न दडवता अर्थसंकल्पातून उघडपणे दिली जावी. अनुदान हिशेबात दिसले, तरच ते गरजूंपर्यंत पोहोचते की नाही, हे तपासता येते.