शक्ती, ऐपत व योग्यता : शब्दार्थविचार

मनुष्याच्या सामर्थ्याला मराठीत अनेक शब्द आहेत. परंतु ते एकार्थी नव्हेत. ‘शक्ती’ हा शब्द ‘शक्’ धातूपासून झाला. करू शकणे हा त्याचा मूळ अर्थ. ‘योग्यता’ ‘युज्’ धातूपासून. जे कार्याशी जोडण्यास अनुरूप, ते योग्य. ‘कुवत’ व ‘लायकी’ हे मूळचे अरबी शब्द फारसीच्या द्वारे मराठीत आले. ‘ऐपत’ म्हणजे द्रव्याचे बळ.

हा भेद मांजरसुंब्याच्या परिसरात व्यवहारातही दिसतो. दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यातून ऊसतोडीस जाणाऱ्या जोडप्यास ‘एक कोयता’ म्हणतात. हत्याराचे नाव माणसांना पडले. ऊस तोडून मोळ्या भरण्याची कुवत त्यांच्या अंगी असते. ऐपत नसते, म्हणून मुकादमाकडून उचल घ्यावी लागते. एवढ्यावरून ‘यांची लायकीच तेवढी’ असे म्हणणे, हा शब्दाचा दोष आहे आणि विचाराचाही. द्रव्याचा अभाव म्हणजे योग्यतेचा अभाव नव्हे.

लीळाचरित्रात महदाइसांचे प्रश्न नोंदलेले आहेत. स्त्रियांस शास्त्रविचाराचा अधिकार नाही असे मानणाऱ्या तेराव्या शतकात सर्वज्ञांनी त्या प्रश्नांची उत्तरे दिली. तेथे योग्यतेची खूण जिज्ञासा ही होती. जाती नव्हे, द्रव्यही नव्हे.

म्हणून साधकाने व गृहस्थाने शब्द तोलून वापरावा. शक्ती पाहून काम सांगावे, ऐपत पाहून देणे मागावे. योग्यता मात्र जिज्ञासा पाहिल्यावाचून ठरवू नये.