गर्दीतला राग

मायबापहो,

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, की मी दरवर्षी लेकरांना ‘माझी सहल’ लिहायला सांगते. गेल्या वर्षी पाचवीतल्या एका लेकरानं अकरा ओळी लिहिल्या. पहिल्या आठ ओळींत गाडी, हॉटेल, झुकझुक गाडी, पाण्याची घसरगुंडी. नववी ओळ अशी होती: ‘लाइन लई मोठी होती म्हणून पप्पा चिडले आणि मला मारलं.’ त्यानंतर पुन्हा आइस्क्रीम आणि घरी परत. त्या वहीवर ‘छान’ असा शेरा मला लिहिता आला नाही.

त्या पप्पांना मी ओळखते. पुसेगावात कुणाला कोण ओळखत नाही? कष्टाळू माणूस. सोयाबीनचे पैसे हातात आले, तसे आधी लेकरांना फिरवून आणणारा. म्हणून त्यांना चार गोष्टी ऐकवायचं माझ्या मनातही आलं नाही. त्याच्या दोन वर्षं आधी मी स्वतः वेगळं काही केलं नव्हतं.

आम्ही एका मोठ्या मनोरंजन उद्यानात गेलो होतो. रात्रभर गाडीत बसून सकाळी दारात पोचलो. दाराशीच तास गेला. मग पिशव्यांची झडती. मी निघायच्या आधी केलेले धपाटे, शेंगदाण्याची चटणी, पाण्याच्या चार बाटल्या, सगळं बाहेर काढलं. ‘बाहेरचं खाणं आत चालत नाही.’ दाराजवळच्या टेबलावर लोकांचे डबे, फडक्यात बांधलेल्या पोळ्या, लहान बाळाच्या दुधाची बाटली यांचा ढीग पडला होता. आत गेलो तर तीन मोठे पाळणे दुरुस्तीसाठी बंद. तिकीट घेताना हे कुणी सांगितलं नव्हतं. भूतबंगल्यातल्या सांगाड्याचा एक हात निखळून तारेवर लोंबत होता, आणि पोरं घाबरायच्या ऐवजी तो हात ओढून बघत होती.

दुपारी दीड तास उन्हात उभं राहून आमचा नंबर लागला. पाळण्याच्या पायरीवर माझी सात वर्षांची लेक मागं सरकली. म्हणाली, ‘आई, मला भ्या वाटतंय. नको मला.’

मी तिच्यावर ओरडले. एवढे पैसे घातले, एवढा वेळ उभं राहिलो आणि आता नको? दंडाला धरून तिला बसवलं. दोन मिनिटं ती वर रडत होती आणि मी खाली उभी होते. मायबापहो, त्या दोन मिनिटांत मी मनातल्या मनात हिशेब करत होते की एका पाळण्याचे पैसे तरी वसूल झाले. हे आठवलं की आजही माझं मन खातं.

झडती घेणारा माणूस मोठा, पगारावर उभा, गणवेशातला. त्याला मी काही बोलले नाही. तिकीट खिडकीवर ‘तीन पाळणे बंद आहेत हे आधी का सांगितलं नाही?’ असं विचारलं नाही. तिथं सगळं गिळलं आणि सगळ्यांत लहान, सगळ्यांत जवळ जे होतं त्याच्यावर काढलं. आपल्यातल्या बहुतेकांचं असंच होतं. चिडण्यात चूक नाही, चिडायला कारण असतं. पण आपण राग काढतो तो लेकरावर, आणि ज्याला विचारायला हवं त्याला सोडून देतो. एवढंच सांगण्यासाठी हे हितगुज मांडलंय.

गंमत म्हणजे अशी उद्यानं मुळात आईबापांसाठीही होती. वॉल्ट डिस्ने सांगायचे, की ते आपल्या मुलींना लॉस एंजेलिसच्या बागेत घोड्यांच्या चक्रावर बसवायचे आणि स्वतः बाकावर शेंगदाणे खात बसायचे. तेव्हा त्यांना वाटलं, आईबाप आणि लेकरं दोघांनाही रमता येईल अशी एखादी जागा का नसावी? १७ जुलै १९५५ ला त्यांचं डिस्नेलँड उद्यान उघडलं, तेव्हा खोट्या पासांवर लोक घुसले आणि बोलावलेल्यांच्या जवळपास दुप्पट गर्दी झाली. उन्हानं नुकतंच ओतलेलं डांबर मऊ पडलं, बायकांच्या बुटांच्या टाचा त्यात रुतल्या. प्लंबरांच्या संपामुळं पिण्याच्या पाण्याचे नळ पुरे झाले नव्हते, कारण संडास आधी पुरे करायचे ठरलं होतं. म्हणजे गर्दी, ऊन आणि पाणी या तिन्ही तक्रारी पहिल्या दिवसापासूनच्या आहेत. तिथल्या लोकांनी त्या बोलून दाखवल्या, वर्तमानपत्रांनी छापल्या, म्हणून पुढं सुधारणा झाल्या. आपण बोलतच नाही.

पाण्याबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटगृहांबाबत निकाल दिला: बाहेरचं खाणं आणू न देण्याचा अधिकार मालकाला आहे, पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यावं लागेल, आणि तान्ह्या बाळासाठी आईबापांना वाजवी प्रमाणात खाणं नेता येईल. तो निकाल चित्रपटगृहांपुरता होता. पण कुठल्याही दारावर शांतपणे ‘फुकट पाणी कुठं मिळेल?’ असं विचारायला लाजायचं कारण नाही. त्या दिवशी मी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आता जुनाट पाळण्यांबद्दल. ‘सगळं जुनं झालंय, मोबाइलमध्ये याहून भारी दिसतं’ असं आपणच लेकरांसमोर बोलतो. मला वाटतं, जुनं असणं हा दोष नाहीच. व्हिएन्नातला मोठा आकाशपाळणा १८९७ चा आहे आणि आजही फिरतो. दुसऱ्या महायुद्धात तो जळाला. पुन्हा उभारला तेव्हा तीस डब्यांच्या जागी पंधराच बसवले, भार सोसवेल तेवढेच. आजही पंधराच आहेत. डबे कमी झाले म्हणजे तिकिटंही कमी, तरी कुणी पुन्हा तीस केले नाहीत. जुन्या गोष्टीची अशी राखण केली तर ती शंभर वर्षं चालते. आपल्याला खटकायला हवी ती हेळसांड: गंजलेला खिळा, दोरीनं बांधलेली कडी, लोंबणारी वायर.

आपला हिंगोलीचा दसराच घ्या. दीडशे वर्षांहून जुनी परंपरा. रामलीला मैदानावर रामलीला, प्रदर्शन, आकाशपाळणे, मौत का कुआं. आपल्यापैकी कितीतरी जण बापाच्या खांद्यावर बसून तिथं गेले असतील. माझ्या लहानपणी दूरदर्शनवर एस्सेलवर्ल्डची जाहिरात लागायची, आणि ते १९८९ साली गोराईला उघडलेलं उद्यान आम्हाला परदेशाइतकं लांब वाटायचं. ते बघणं कधी झालं नाही. पण दसऱ्याला आकाशपाळण्याच्या सगळ्यांत वरच्या टोकाला गेलं की हिंगोली शहर दिव्यांचं दिसायचं आणि पोटात गोळा यायचा. माझ्या वर्गातल्या लेकरांना आजही तिथंच मजा येते. ते जुनं झालंय हे त्यांना आपण सांगेपर्यंत कळत नाही.

मात्र गर्दी जशी शहरातल्या उद्यानात, तशीच मैदानावर आणि औंढा नागनाथच्या महाशिवरात्रीलाही. इथं मला जरा कठोर बोलावं लागेल. २५ जानेवारी २००५ ला वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन जवळपास ३०० माणसं गेली. पायऱ्या नारळाच्या पाण्यानं निसरड्या झाल्या होत्या. २९ सप्टेंबर २०१७ ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ जण मेले. आपण म्हणतो तुडवून मेले. खरं तर अशा चेंगराचेंगरीत बहुतेक माणसं छाती दाबली जाऊन, श्वास न मिळून जातात, कित्येकदा उभ्या उभ्या. एका चौरस मीटरमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंनी साधारण सव्वातीन फूट जागेत, पाचाहून जास्त माणसं झाली की पुढं गर्दी नेईल तिकडंच जावं लागतं.

म्हणून चारही बाजूंनी अंगाला अंग लागायला लागलं, हात वर करायला जागा उरली नाही, की तिथून निघायचं. पुढं कितीही चांगलं काही असो. लोटालोटीच्या विरुद्ध जोर लावू नका. लोट थांबला की तिरकं तिरकं कडेला सरका. लहान लेकराला उचलून घ्या. दोन्ही हात छातीसमोर धरा, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. चप्पल पडली तर पडू द्या, वाकू नका. जाण्याआधी लेकराच्या दंडावर पेनानं तुमचा मोबाइल नंबर लिहा, कपड्यांसकट त्याचा एक फोटो त्याच सकाळी काढून ठेवा, आणि आत शिरताच एक ठळक जागा दाखवा: हरवलास तर इथं येऊन थांबायचं. लेकरू सापडलं नाही तर ११२ लावा, लाउडस्पीकरवाल्याकडं जा. आणि सापडल्यावर, हात जोडून सांगते, आधी मारू नका. त्याला मार बसला की पुढच्या वेळी ते तुमच्यापासूनच लपतं.

झडतीबद्दल माझं एक म्हणणं आहे. त्या उद्यानाच्या दाराशी डबे शोधायला चार माणसं होती. पाळण्यावर बसलेल्या लेकरांच्या अंगावरचा दांडा लागलाय का हे बघायला एक पोरगा होता, तोही मोबाइलवर. सुरक्षा म्हणजे धपाटे पकडणं नव्हे. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनला आग लागली आणि २७ जण गेले. शनिवार होता, तिकीट ९९ रुपयांवर आणलेलं, म्हणून गर्दी. अग्निशमन विभागाचा परवाना नव्हता. त्याच वर्षी १८ जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या लेकरांची बोट उलटली. क्षमतेहून कितीतरी जास्त माणसं बसवलेली, सगळ्यांना लाइफ जॅकेट नव्हतं. १२ लेकरं आणि २ शिक्षिका गेल्या. त्या दोघी माझ्यासारख्याच. त्यांनी किंवा काठावरच्या कुणी ‘इतकी लेकरं एका बोटीत बसवू नका’ म्हटलं होतं की नव्हतं, हा विचार मला कित्येक रात्री झोपू देत नाही.

गेल्या दसऱ्याला मी लेकीला घेऊन रामलीला मैदानावर गेले. आकाशपाळण्यात बसायच्या आधी मी पाळणेवाल्याला म्हटलं, ‘भाऊ, ही कडी एकदा ओढून बघा.’ मागचे लोक कुरकुरले. त्यानं कडी ओढली, मग पुढच्या दोन डब्यांच्याही ओढल्या. लेकीला मी विचारलं, ‘बसायचं का?’ ती म्हणाली, ‘तू बसलीस तर.’ आम्ही दोघी बसलो.

या वर्षीची शाळेची सहल ठरतेय. एसटी शैक्षणिक सहलीला निम्मं भाडं घेते, तेव्हा एसटीच करू. पण संमतीपत्रावर सही करायच्या आधी मला प्रश्न विचारा. किती लेकरांमागे किती शिक्षक? पाण्याच्या ठिकाणी जाणार का, गेलात तर प्रत्येकाला जॅकेट आहे का? सुट्टीच्या दिवशीच का जाताय, मंगळवार-बुधवारी का नाही? एखाद्या लेकरानं ‘मला नाही बसायचं’ म्हटलं तर तुम्ही काय कराल, बाई? हा शेवटचा प्रश्न आवर्जून विचारा. पालकसभा शनिवारी सकाळी नऊला आहे. आईंनी यावं, बाबांनीही यावं, आणि जमलं तर आजी-आजोबांनीसुद्धा.