चित्रकाराची वानगी

धान्याच्या पेठेंत गिऱ्हाईक आलें म्हणजे अडत्या पोत्यांत हात घालून मूठभर दाणे काढतो व त्याच्या तळहातावर ठेवतो. यास वानगी म्हणतात. दाणा टपोरा आहे कीं किडका, हें त्या मुठीवरून समजतें. न पटल्यास ते दाणे पुन्हां पोत्यांत पडतात आणि कोणाचें कांहीं जात नाहीं. चित्रकाराकडे जी वानगी मागितली जाते तिची गोष्ट मात्र निराळी आहे. ज्या मुलामुलींस पुढें चित्रें काढून उदरनिर्वाह करावयाचा आहे त्यांनीं, व त्यांच्या पालकांनींहि, ती नीट समजून घेणें अवश्य आहे.

नोकरी न करितां, कामागणिक मोबदला घेऊन पुस्तकांस व मासिकांस चित्रें पुरविणारे चित्रकार पुष्कळ आहेत. आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी त्यांपैकींच. एका बालपुस्तकासाठीं तिला निरोप आला: "गोष्ट सोबत पाठवीत आहों. नमुन्यादाखल तीन पानें रंगवून द्या. पसंत पडल्यास सबंध पुस्तक तुमचें." मोबदल्याचा उल्लेख नव्हता. "ओळख होईल, नांव होईल," असें म्हणून घरच्यांनीं तिला भरीस घातलें. मींहि तेव्हां तेंच सांगितलें, हें येथें कबूल केलें पाहिजे.

तीन पानें म्हणजे काय, हें चित्र न काढणाऱ्यांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. प्रथम गोष्ट दोन-तीनदां वाचावयाची. तींतील म्हातारी कशी दिसते, तिचें लुगडें कोणत्या काठाचें, अंगणांत झाड कोणतें, हें सारें ठरवावयाचें. कारण एकदां ठरलेली म्हातारी शेवटच्या पानापर्यंत तीच राहिली पाहिजे. मग तळहाताएवढे कच्चे आराखडे, मजकुरासाठीं जागा सोडून मांडणी, पेन्सिल, शाई, रंग. बालपुस्तकाच्या कामांतला अवघड भाग हाच, आणि तो बहुतेक पहिल्या तीन पानांतच उरकतो. तेव्हां तिनें दिली ती मूठ नव्हती. तिचे आठ दिवस गेले. उत्तर आलें नाहीं. वर्षभरानें पुस्तक बाजारांत आलें. चित्रें दुसऱ्या हाताचीं होतीं, परंतु म्हातारी ओळखीची होती.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें चित्राचा पहिला मालक सामान्यतः तें काढणारा असतो. रंगचित्र कोणी मोबदला देऊन काढवून घेतलें, तर उलट करार नसल्यास मालकी त्याच्याकडे जाते; पण जेथें मोबदलाच नाहीं तेथें हा अपवाद लागत नाहीं. मालकी दुसऱ्यास द्यावयाची तर ती लेखी व सहीनिशीं द्यावी लागते. म्हणजे फुकट घेतलेला नमुना कोणी परवानगीवांचून जसाच्या तसा छापला, तर तो कायद्याचा भंग होय. असें असूनहि आमच्या विद्यार्थिनीस कांहीं करितां आलें नाहीं. कारण कायदा रेखाटलेल्या चित्राचें रक्षण करितो, कल्पनेचें नाहीं. ठेंगणी, चष्मा लावलेली, मांजर कडेवर घेतलेली म्हातारी दुसऱ्यानें आपल्या हातानें निराळी काढली, तर ती चोरी ठरविणें फार कठीण.

अनोळखी माणसावर पुस्तक सोपवावयाचें तर त्याचा हात पाहिला पाहिजे, हें मागणाऱ्याचें म्हणणें रास्तच आहे. पण हात पाहण्यास जुनीं चित्रें पुरतात. दीनानाथ दलाल व रघुवीर मुळगांवकर यांचीं छापलेलीं मुखपृष्ठें हीच त्यांची वानगी होती. नवें चित्र हवेंच असेल, तर एका पानाचे पैसे देऊन काढवून घ्यावें. दहा चित्रकारांकडून दोन-दोन दिवसांचें काम फुकट मागविलें, तर वीस दिवसांचे श्रम होतात आणि पुस्तक एकालाच मिळतें. उरलेल्या अठरा दिवसांचा खर्च कोणाच्या घरांतून जातो? ज्याच्या घरीं तो सोसण्याची ऐपत आहे तोच या शर्यतींत टिकतो, आणि गरिबाचें हुशार मूल आधींच बाहेर पडतें.

कोणी विचारील कीं, या वार्षिकाचें मुखपृष्ठ तरी विद्यार्थ्यानें फुकटच काढलें ना? होय, पण तें देणगी म्हणून, समजून-उमजून, आणि हें वार्षिक विकून कोणी पैसा करीत नाहीं. "तूं काय, दोन मिनिटांत काढशील," असें म्हणून शेजारच्या मुलाकडून लग्नाची पत्रिका सजवून घेणाऱ्यांस हा बचाव लागू नाहीं.

आतां ती असें लिहिते: "पूर्वींचीं चित्रें सोबत आहेत. आपल्या गोष्टीवर नमुना हवा असल्यास एका पानाचा मोबदला आगाऊ द्यावा. पुढें काम दिल्यास तो एकूण रकमेंतून वजा करावा, न दिल्यास चित्र छापूं नये." गेल्या वर्षीं असें पत्र तिनें तिघांस पाठविलें. दोघांनीं उत्तर धाडलें नाहीं. तिसऱ्यानें पैसे पाठविले, चित्र मागविलें, आणि तें पसंत नसल्याचें दोन ओळींत कळविलें. पैसे त्यानें परत मागितले नाहींत, आणि चित्र तिच्याच घरीं भिंतीवर आहे.