नक्कल कोणत्या फुग्यात?

प्रश्न : माझा मुलगा तिसरीत आहे. सुरगाण्याहून आलेल्या वर्गमित्राच्या बोलीची तो नक्कल करतो. मोबाइलवर कॉमिक्स दाखवून फरक पडेल का? – एक आई, नाशिक

उत्तर : नुसतं हातात देऊन नाही, शेजारी बसून वाचलंत तर पडेल. ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा मोफत आहेत. एका चित्रावर थांबा, मजकूर बोटाने झाका आणि विचारा, ‘याला आत्ता काय वाटत असेल?’

डॉ. आंबेडकरांवरच्या ‘भीमायन’ या चित्रमय पुस्तकात (२०११) दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी बोचऱ्या शब्दांच्या संवादफुग्याला विंचवाची नांगी दिली, मवाळ बोलण्याला पक्ष्याचा आकार. असे दोन फुगे मुलाकडून काढून घ्या. त्याची नक्कल कशात बसते, ते त्यालाच ठरवू द्या. मग मित्राच्या बोलीतले चार शब्द शिकून यायला सांगा.