मूळव्याध म्हणून सोडून देऊ नकोस

अगं, फोनवर तू एवढंच म्हणालीस, "ताई, एचआयव्ही कमी होतं का, की आता हे एचपीव्ही," आणि गप्प झालीस. म्हणून लिहितेय. घरात कुणी नसताना सावकाश वाच.

एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, हे आधी मनात पक्कं कर. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक माणसांना हा विषाणू कधी ना कधी गाठतो आणि वर्ष-दोन वर्षांत शरीर त्याला आपणहून घालवतं. आपली प्रतिकारशक्ती एचआयव्हीनं खचलेली असते, म्हणून आपल्याकडे तो बांधावरच्या हरळीसारखा मूळ धरून बसतो. तुझ्या आधीच्या तपासणीतही होता, या वेळीही आहे, म्हणजे चिवट आहे. पण चिवट विषाणूमुळं पेशी बिघडायला आणि त्या बिघाडाचा कॅन्सर व्हायला सहसा कितीतरी वर्षं जातात. तेवढ्यात तो बिघाड भाजून किंवा कापून काढता येतो. एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका इतर बायकांच्या सहापट असतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आपल्याला 25व्या वर्षापासून दर 3 ते 5 वर्षांनी ही तपासणी करायला सांगते. तुझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे, तेव्हा तुला एवढं थांबायचं नाही. डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नकोस.

आणि ही तपासणी काही परक्यांची नाही. 1999मध्ये आपल्याच धाराशिव जिल्ह्यात, तेव्हा उस्मानाबाद म्हणायचे, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी गावोगाव जाऊन 30 ते 59 वयाच्या बायका एका मोठ्या अभ्यासात घेतल्या. गावांचे 52 गट पाडले होते आणि बायका सव्वा लाखाच्या वर. काही गटांत एचपीव्हीची तपासणी झाली, काहींत दुसऱ्या पद्धती वापरल्या, आणि काही गटांत नेहमीचंच चालू ठेवलं. 2009 साली निकाल छापून आला. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं 34 बायका गेल्या, आणि साधारण तेवढ्याच बायकांच्या, तपासणी न झालेल्या गटात 64. त्या 64 जणींचा विचार आला की मला आजही घास जात नाही. जगभरचे डॉक्टर आज एचपीव्ही तपासणीवर भर देतात, त्यात आपल्या कळंब-भूम-परंड्याकडच्या आयाबायांचा मोठा वाटा आहे. तू का लाजतेस?

आता तू जे तोंडातून काढणार नाहीस, ते मीच काढते. हाच विषाणू संडासच्या जागीही बसतो आणि तिथंही कॅन्सर करतो. तसला संबंध आलेलाच असावा लागतो असं नाही. पुढून मागं तो पसरू शकतो. त्यामुळं कुणी तोंड वाकडं केलं तर खाली मान घालू नकोस. एचआयव्ही असलेल्या पुरुषांना, त्यातही पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्यांना, आणि तृतीयपंथीयांना हा धोका जास्त आहे, पण आपण बायकाही त्यातून सुटलेल्या नाही. 2022 साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास छापून आला. एचआयव्ही असलेल्या 35 वर्षांपुढच्या लोकांच्या तिथल्या पेशींचा बिघाड आधीच काढून टाकला, तर कॅन्सर निम्म्याहून कमी होतो, असं त्यात दिसलं.

आपल्याकडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. रक्त पडलं, खाज सुटली, बसताना टोचलं की बाई म्हणते मूळव्याध आहे. स्टँडच्या बाहेर पाट्या असतातच, मूळव्याध, भगंदर, बिनाऑपरेशन. तिथं मलम मिळतं, पुडी मिळते, आणि महिने निघून जातात. माय, कुणी बोट घालून तपासल्याशिवाय 'मूळव्याध आहे' हे ऐकून घेऊ नकोस. दुर्बिणीनं बारकाईनं बघायची सोय मोठ्या शहरांतही मोजक्याच ठिकाणी आहे, पण हातमोजा घालून, जेली लावून बोटानं तपासणं कुठल्याही सर्जनला जमतं. मिनिटभराचं काम असतं. कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्यायचे, लांब श्वास सोडायचा. अवघडल्यासारखं होतं, संडासला लागल्यासारखं वाटतं, पण फार दुखत नाही. दुखलं तर थांबायला सांग, तो तुझा हक्क आहे. गाठ लवकर सापडली तर पुष्कळदा रेडिएशन आणि केमोवर भागतं, पोटावर पिशवी लावायची वेळ येत नाही.

एआरटीच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नकोस. व्हायरल लोड दबलेला राहिला आणि सीडी फोर चढलं की शरीराला या विषाणूशी झुंजायला बळ येतं. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर त्याला अंगणात पाठव, आणि तुझी मिश्रीही सोड. तोंडाच्या कॅन्सरची आणखी एक भीती कशाला?

लेकीला लस द्यायची का, म्हणालीस. नक्की दे, आणि धाकट्यालाही. 9 ते 26 वयाच्या मुलामुलींसाठी पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक 2023पासून आहे. आत बसलेला विषाणू ती काढत नाही, म्हणून तो शिरायच्या आधीच घ्यायची. तुझं काय, ते एआरटीच्या डॉक्टरांना विचार.

आणखी एक. तपासायला गेल्यावर कुणी एचआयव्ही म्हणून हात लावायला कचरलं, तर गप्प बसून परत येऊ नकोस. एचआयव्हीसाठीचा 2017चा कायदा आहे, 2018च्या सप्टेंबरपासून लागू झाला. उपचार नाकारता येत नाहीत आणि तुझी गोष्ट दुसऱ्याला सांगता येत नाही. 1097 हा हेल्पलाइनचा फुकटचा नंबर जवळ ठेव.

पुढच्या वेळी गोळ्या घ्यायला धाराशिवला येशील, तेव्हा दोन्ही रिपोर्ट पिशवीत घाल. समुपदेशक ताईंना सांग की गर्भाशयमुखाची आणि संडासच्या जागची, दोन्ही तपासण्या करून घ्यायच्या आहेत, बार्शीच्या हॉस्पिटलची चिठ्ठी द्या. बार्शी सोलापूर जिल्ह्यात असली तरी आपल्याला जवळच, येडशीवरून एसटीनं जाता येतं, आणि आपल्याला अर्धंच तिकीट. एकटीनं जायचं नसेल तर आदल्या दिवशी फोन कर, मी येते.