मडक्याचा गळा, मडक्याचं पोट

मंडळाच्या बैठकीत ‘ओळख’ या विषयावर प्रत्येकानं एका कलावंताबद्दल बोलायचं होतं. बाकीच्यांनी कवी घेतले. मी मॅग्डालीन ओडुंडो यांचं नाव घेतलं, तर मागून आवाज आला, ‘मडक्यात कसली ओळख?’ त्या दिवशी उत्तर सुचलं नाही, म्हणून हा लेख.

ओडुंडो यांचा जन्म 1950 चा, नैरोबीचा. सुरुवातीचं शिक्षण थोडं भारतात, थोडं केनियात. 1971 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या ग्राफिक आर्ट शिकायला. मातीकडे वळल्या तिथं गेल्यावर. मग 1974-75 मध्ये नायजेरियातल्या अबुजाच्या कुंभारकाम केंद्रात गेल्या. तिथल्या ग्वारी स्त्रिया चाकाशिवाय, नुसत्या हातानं मोठे घडे उभारत. लादी क्वाली त्यांच्यातल्याच. आता गंमत बघा, हे केंद्र सुरू केलं होतं मायकेल कार्ड्यू या इंग्रज कुंभारानं! केनियाची मुलगी इंग्लंडमार्गे जाते आणि खंडाच्या दुसऱ्या टोकाच्या बायकांकडून हात शिकून घेते. पुढं न्यू मेक्सिकोतली मूळ रहिवाशांची काळी भांडीही त्यांनी जाऊन पाहिली. तरी त्यांच्या कामाला सरसकट ‘आफ्रिकन’ म्हणून मोकळं होणारे आहेतच. मला ते पटत नाही.

त्यांची पद्धत समजून घ्या. मातीच्या वळ्या एकावर एक चढवून भांडं उभं करायचं. आतबाहेरून खरवडून भिंत पातळ करायची. बारीक मातीचा पातळ लेप द्यायचा आणि घोट घोट घोटायचं. ही चमक घोटण्याची. वर काचेसारखा मुलामा नाही. भट्टीत भरपूर हवा मिळाली की रंग तांबूस-केशरी येतो. तेच भांडं हवा कोंडून, धुरात पुन्हा भाजलं की काळं होतं. माती तीच.

आपण मडक्याचा गळा म्हणतो, पोट म्हणतो, तसंच त्यांच्या भांड्यांकडे बघताना शरीर दिसतं. कुठं मान वळवलेली, कुठं पोटुशीचा बाक. पाणी भरायला ही भांडी नाहीत. कित्येकांना नावच नाही, ‘अनटायटल्ड’ एवढंच.

हे सगळं मला का भिडलं? मी बेळगावचा. पुण्यात स्पर्धेला गेलो की ‘कर्नाटकातून आलास, मराठी छान बोलतोस’ असं कौतुक होतं, आणि इकडं बसमध्ये कंडक्टर माझं कन्नड ऐकून हसतो. दोन्हीकडं खुलासा देत बसायचा मला कंटाळा येतो. ओडुंडो यांना 2020 मध्ये ब्रिटनचा ‘डेम’ किताब मिळाला, ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांची भांडी आहेत. पण भांड्यावर देश लिहिलेला नाही.

खानापूरला कुंभारकामाची संस्था आहे, आपल्यापासून तासाभरावर. परीक्षा झाली की जाऊ या. मागून आवाज देणाऱ्या मित्रा, तूही ये; आधी एक वळी न तुटता लांबवून दाखव.