खारबांध आणि तिवरांचे वन

कोकणातील खारभूमीत भात उभे राहते ते बांधाच्या आधारावर. बांध व उघाडी यांची माहिती शेतकऱ्यांस आहेच. परंतु बांधाबाहेरील चिखलात तिवर, चिपी व कांदळ यांची जी झाडी वाढते, तिच्याविषयी पुष्कळांचे मत चांगले नाही. तिच्यामुळे शेते जातात, असेही ऐकू येते. म्हणून या झाडांचा स्वभाव समजून घेणे अगत्याचे आहे.

कांदळ बहुतेक मीठ मुळांपाशीच अडविते. तिवरही बरेचसे अडवितो. जे आत येते ते पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकतो. कोरड्या दिवसांत त्याचे पान जिभेस लावून पाहावे, खारट लागेल. चिखलात हवा नसल्याने त्याची मुळे पेन्सिलीसारखी टोके वर काढतात. लाटेचा जोर या मुळांत व खोडांत मोडतो. व्हिएतनामच्या उत्तर किनाऱ्यावरील, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, कांदळाच्या कुळातील सहा वर्षांच्या लागवडीत दर १०० मीटरला लाटेची उंची सुमारे २० टक्क्यांपर्यंत घटल्याचे आढळले. बांधाबाहेरील झाडी तोडणे म्हणजे बांधावरील मार वाढविणे होय.

आता बांधाच्या आतील तिवरांविषयी. तिवराचे बी झाडावर असतानाच रुजू लागते. गळल्यावर ते भरतीबरोबर तरंगते व निवांत चिखल मिळताच मूळ धरते. बांधास पडलेली खांड तशीच राहिली, तर भरती रोज शेतात शिरते आणि बीही आणते. तेव्हा तिवरामुळे शेत गेले असे नसून, शेत खाडीच्या स्वाधीन झाले म्हणून तिवर आला. पुढे ही झाडी मर्जीने तोडता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनाच्या तोडीस राज्यभर मनाई केली आणि २०१८ च्या निकालानेही या वनास संरक्षण दिले. ज्याच्या नावे सातबारा आहे त्यास हे कडू वाटते, व ते स्वाभाविक आहे. यासाठीच खांड रोपे धरण्यापूर्वी बुजविली पाहिजे.

ग्रामसेवकांनी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर शेतकऱ्यांसह बांधावरून फेरी करावी. पाझर व खेकड्यांची बिळे पाहावीत, उघाडीची झडप नीट मिटते का ते तपासावे. दुरुस्तीची माती बाहेरील झाडीच्या मुळांतून काढू नये. खारे पाणी शिरून गेलेल्या शेतात पावसाचे गोडे पाणी साठवून ओहोटीला सोडावे, म्हणजे मीठ उतरते. त्यानंतर पनवेल-१, पनवेल-२ किंवा पनवेल-३ यांसारखे क्षार सोसणारे भाताचे वाण लावावे.